रेवाकुंजच्या वाटेवरचे वाकडे ठिपके

"आवो, पर ह्यो खड्डा हितं मारायला सांगितला कुनी? हितं कुत्रं बी फिरकत न्हाई, दिवा कुनाला दावायचाय?"

"मी कशाला सांगू, विश्रामभाऊ? चुन्याचे ठिपके तुम्हीच टाकले होते ने? ठिपका तिथं खड्डा. मजुरांनी बराबर केलंय."

"माजा ठिपका त्या उचाललेल्या फरशीपाशी हुता. तितला खड्डा दावा मला. चला, दावा."

दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बागेतली वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. बारा खड्डे. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, समोरासमोर, कवायतीला उभी केलेली पोरं असावीत तसे. "पण रांग काय सुरेख आली आहे!" ते म्हणाले.

विश्रामनं खांद्यावरचं वायरीचं भेंडोळं जमिनीवर आदळलं. काल ही वायर आणायला तो सयाजीगंजला गेला, तेवढ्या एका दुपारीत घात झाला होता.

विश्राम माणदेशातल्या कुसळांच्या गावचा. मेव्हण्याचं बोट धरून बासष्ट साली बडोद्याला आला, रेल्वेच्या यार्डात वायरमन म्हणून लागला आणि चौतीस वर्षं खांबांवर चढण्या-उतरण्यात घालवून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाला. इतकी वर्षं बडोद्यात काढली की मराठी माणसाच्या बोलण्याला दिनकररावांच्या 'ने'सारखा गुजराती वास लागतोच. विश्रामच्या बोलण्याला लागला नाही. उलट त्याची गुजरातीच माणदेशी झाली. भाजीवालीशी तो गुजरातीत भांडायला लागला, की आपल्याला कुठल्या भाषेत शिव्या पडताहेत हेच त्या बाईला कळत नसे.

समा भागातल्या रेवाकुंज सोसायटीत त्याचं घर अगदी मागच्या ओळीत. घरातून फाटकाकडे यायचं तर बागेतल्या वाटेनंच यावं लागे. त्याची बायको नलिनी रोज पहाटे पाचला दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन या वाटेनं जाई. फाटकाशी रिक्षा उभी असे, आणि तिचे चोवीस डबे सयाजीगंजच्या होस्टेलांवर सहाच्या ठोक्याला पोचत. वाटेच्या मध्यावर एक कडुलिंब होता. त्याच्या मुळीनं तिथली एक फरशी वीतभर उचलली होती. दोनदा फरशी काढून बसवली, दोनदा मुळीनं परत उचलली. मुळी तोडायचं नाव काढलं की अर्धी सोसायटी झाडाच्या बाजूनं भांडायला उभी राही. गेल्या पौषात नलिनी त्या फरशीला ठेचकाळून पडली. मनगट मोडलं, आमटी गवताला गेली. मनगट जुळून आलं, पण पाय बिचकला तो बिचकलाच. परवा तिनं सांगून टाकलं, "दिवाळीपत्तुर तितं उजेड पडला तर ठीक, न्हाईतर म्या डबे बंद करनार. आता म्हातारं हाड मोडलं तर सांधायचं न्हाई."

म्हणून विश्राम दिव्यांच्या मागं लागला. सोसायटीलाही दिवे हवेच होते. नव्या शोरूमचे गुळगुळीत कॅटलॉग घरोघर फिरत होते, आणि शेजारच्या सोसायटीनं काचेच्या गोळ्यांचे दिवे लावल्यापासून आपल्या वाटेवरचा अंधार सगळ्यांना एकदम टोचायला लागला होता. पण दिवा किती उंच असावा यावर तीन सभा झाल्या. खांब उंच घ्यावा तर उत्तरायणाला पतंगाचा मांजा अडकणार म्हणून पोरं बोंबलली. दिवा गुडघ्याइतका घ्यावा तर नवरात्रात पायात येणार म्हणून गरब्याची मंडळी उठली. शेवटी छातीइतकी उंची ठरली. ती कुणालाच नको होती, म्हणून सगळ्यांनी मान्य केली.

मग दिवे कुठं लावायचे हा घोळ. दिनकरराव सोसायटीचे सेक्रेटरी. वडील आणि आजोबा दोघेही संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे मोजमाप आणि नीटनेटकेपणा रक्तातच. त्यांनी तीन रंगांच्या शाईनं नकाशा काढला. दर पंधरा फुटांवर दिवा. नकाशात झाड होतं, बाक होता, फरशी नव्हती.

"नकाशावरनं मानूस चालत न्हाई, दिनकरराव," विश्राम म्हणाला होता. "यार्डात आमी पाय बगून दिवा लावायचो. पाय जितं दबकतो, तितं दिवा."

तीन दिवस तो सकाळी बाकावर चहाचा पेला घेऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिला. कोण कुठं हळू होतो, कोण कुठं खाली बघतो. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीकडं तक्रार गेली, की मागच्या ओळीतले काका बायकांच्या पायांकडं टक लावून बघतात. नलिनी हसून हसून लोळली. "चौतीस वर्सांत माज्या पायाकडं बगितलं न्हाई," म्हणाली. एवढी बदनामी सोसून विश्रामनं बारा ठिपके टाकले होते, डावीकडं चार आणि उजवीकडं आठ. आणि आज हे असं!

मजूर शपथा घेत होते की खड्डे ठिपक्यांवरच मारले. दिनकरराव शपथ घेत होते की मी बागेत पाऊल टाकलं नाही. विश्रामचं डोकं फिरलं. त्यानं त्या बारा खड्ड्यांत बारा काठ्या रोवल्या, प्रत्येक काठीला छातीइतक्या उंचीवर दिवा टांगला, घरातून वायर ओढली आणि दिवेलागणीला दिनकररावांना हाताला धरून आणलं. मागोमाग त्यांच्या थोरल्या भगिनी कुसुमावतीही आल्या. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी उलटलेल्या, पाठ अजून पट्टीसारखी ताठ.

दिवे लागले. वाट लग्नाच्या मांडवासारखी झगमगली. दिनकरराव खुलले. "बघा! आता काय कमी आहे?"

"नलू, ये गं," विश्राम ओरडला.

नलिनी पाण्यानं भरलेले चोवीस डबे दोन पिशव्यांत घेऊन रोजच्या चालीनं निघाली. कडुलिंबाजवळ आल्यावर थबकली. एक पाय उचलून चाचपला, मागं घेतला, पुन्हा चाचपला. पिशव्या हिंदकळल्या.

"दिसत न्हाई."

"असं कसं, बाई? दोन्हीकडे साठ-साठचे दिवे आहेत!"

"दोनी डोळ्यांत हायत, सायेब. पायाशी येक बी न्हाई."

कुसुमावतींनी पदर सारखा केला, मग पुन्हा केला.

"दिनू, ते ठिपके मी सारखे केले."

"अक्का, तू?"

"मला वाटलं, कोणी मुलीनं दिवाळीच्या रांगोळीचे टाकलेत आणि चुकलेत. इतके वाकडे! मला बघवेनात. पुसले आणि मोजून घातले. चाळीस वर्षं मुलांना ठिपके शिकवले मी."

विश्रामनं कपाळावर हात मारला. "बाई, त्येच्यापरीस येक डाव इचारायचं तरी!"

"तुम्ही तरी सांगायचं. ठिपका म्हटला की ओळीत हवा, एवढं कोणालाही कळतं." पण मग त्याच पुढं झाल्या, नलिनीच्या हातची एक पिशवी घेतली आणि फरशीपाशी स्वतःचा पाय चाचपून बघितला. "दिनू, हिला इथे खरंच दिसत नाही. दिवा इथे हवा."

दिनकररावांनी खिशातला नकाशा काढला, उलटा धरला, सुलटा धरला. त्यांचा जीव तुटत होता. "ठीक. इकडला एक इथे सरकवू. पण मग समोरचाही सरकवावा लागेल. जोडी मोडता येणार नाही."

"समूर मेंदीचं कुंपन हाय! दिवा मेंदीच्या पोटात जाईल."

"जाऊ दे. रांग राहील ने?"

विश्रामनं मेंदीकडं बघितलं, दिनकररावांकडं बघितलं, नलिनीकडं बघितलं. ती पिशव्या खाली ठेवून मनगट चोळत होती.

"लावतो," तो म्हणाला. "सरड्यास्नी बी दिवाळी हाय."

"म्हंजी डबे चालू ठेवू?" नलिनीनं विचारलं.

"ठेव. आनि तेलाचा रिकामा डबा असंल तर काढ. पत्र्याची टोपी करून ह्या दिव्यावर घालतो, उजेड खाली पडंल."

"टोपी मग समोरच्यालाही घाला हं," दिनकरराव म्हणाले.

विश्रामनं पहार उचलली, हातावर थुंकला आणि मेंदीच्या बुडाशी खड्डा मारायला लागला.