सुपात पाखडलेला कीबोर्ड

गुणाबाई टाइप करायला बसताना चपला काढून ठेवतात. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर जातो, ढकलायला काहीच नाही हे कळल्यावर परत खाली येतो. जुन्या टाइपरायटरची ती सवय. चहा बशीतून पितात, पण बशी कॉम्प्युटरपासून हातभर लांब. दुसऱ्याचा अर्ज वाचताना ओठ हलवतात. कागद सरळ करायला टेबलावर तीनदा आपटतात, दोनदा नाही. बोटांकडे कधी बघत नाहीत.

दिव्यानी मराठीत एम.ए. करून एटापल्लीला परत आली, तेव्हापासून ती बाईंनी गावासाठी टाइप केलेला मजकूर तपासायला त्यांच्याकडे यायची. बाईंचं गाव एटापल्लीपासून स्कूटीवर वीस मिनिटं. एप्रिलमधल्या त्या सकाळी ती पोचली तेव्हा बाई कीबोर्डकडे बघत बसल्या होत्या. काहीतरी बिघडलंय हे दिव्यानीला तेवढ्यावरूनच कळलं.

"र मेला," बाई म्हणाल्या. "अन् हे एक दाबलं का थांबतच नाई."

बाईंच्या गावाने जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा केला होता. एटापल्लीच्या कार्यालयाने त्यात त्रुटी काढल्या होत्या. उत्तर आज पाचपर्यंत पोचलं नाही तर दावा फेटाळला जाणार होता. तीन वर्षांची पायपीट पाण्यात. चौदा पानांपैकी अकरा झाली होती. उरलेल्या तीन पानांत तक्ते होते, ते मोबाईलवर जमण्यासारखे नव्हते. नवा कीबोर्ड आलापल्लीला मिळाला असता, पण जाऊन येऊन अर्धा दिवस गेला असता.

दिव्यानीने वायर काढून परत लावली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. र मेलेलाच. शेवटी तिने वायर काढली, कीबोर्ड उलटा केला आणि हळूच थोपटला.

मुंग्या पडल्या. आधी चार-पाच, मग रांगच.

दिव्यानीने खोलीभर नजर फिरवली. जमिनीवर मोहफुलं वाळत पसरली होती. बाई आठवडाभर पहाटे मोह वेचत होत्या, दिवसा टाइप करत होत्या, आणि मधूनमधून उठून फुलं हाताने खालीवर करत होत्या. तेच हात परत कीबोर्डवर. चहाची बशी हातभर लांब ठेवणाऱ्या बाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मोह म्हणजे काय खरकटं थोडंच!

"पाण्यानं हा चिकटा जाणार नाई," बाई म्हणाल्या. "क्लासमधे आमी मशीन स्पिरिटनं पुसत होतो."

स्पिरिट नव्हतं. बाई उठल्या आणि शेजारच्या कुंपणापाशी गेल्या. पलीकडे वनहक्क समितीचे अध्यक्ष बिरजूभाऊ दोरी वळत बसले होते.

"भाऊ, पयल्या धारेची हाय का थोडीशी?"

बिरजूभाऊंचा हात थांबला. "तुमी? तुमी तं विहारात जाता बाई!"

"मले नाई. मशीनले पाजायची हाय."

"वा! दारूबंदीच्या जिल्ह्यात आता मशीनबी पेवाले लागली."

बाईंनी त्यांना कोणता कागद अडला आहे ते सांगितलं. भाऊंचं हसू मावळलं. ते आत गेले आणि औषधाची एक छोटी बाटली घेऊन आले. "देवासाठी ठेवली होती. देवाले मी सांगतो."

दिव्यानीने चमच्याच्या दांड्याने एकेक बटन उचकटलं आणि सुपात ओळीने, जसंच्या तसं मांडलं. मांडणी इतकी नीट होती की फोटो काढावा असं तिला वाटलंही नाही. मग काडीला कापूस गुंडाळून ती दारूने एकेक खाच पुसू लागली. काळपट, गोड वासाचा चिकटा निघत राहिला. पुसलेला कीबोर्ड तिने उन्हात ठेवला आणि वळली.

बाईंनी सूप उचललं होतं. बटनांत मेलेल्या मुंग्या दिसल्या, हात हलला. फटक्, फटक्. मुंग्या उडाल्या. बटनं सगळी एकात एक.

"बाई!"

"काऊन ओरडते? कचरा होता त्याच्यात."

दिव्यानीने घाईघाईने मोबाईल काढला. कीबोर्डचं चित्र शोधू लागली, तर रेंज गेलेली. दीड वाजला होता.

बाई मात्र तांदूळ निवडावा तशी बटनं निवडत होत्या. जास्त उताराची एकीकडे, सपाट एकीकडे. "हे वरच्या रांगेतले. हे मधले." उन्हातून कीबोर्ड आणून त्या एकेक बटन दाबून बसवू लागल्या.

"पण कोणतं कुठी, बाई?"

"कुठीबी."

"अक्षरं चुकतील ना!"

"बटनावर एबीसी हाय पोरी. मी मराठी टाइप करतो. मले ते कधी लागलं?"

बाईंनी वायर लावली, चपला काढल्या, खिडकीबाहेर बघत बोटं ठेवली. पडद्यावर ‘ग्रामसभा’ उमटलं. र जागेवर होता.

"बोलली!" दारातून बिरजूभाऊ ओरडले. "चढली तिले!"

पावणेचारला चौदावं पान संपलं. दिव्यानीने भाऊंना स्कूटीवर मागे बसवलं. एटापल्लीत छपाई झाली, भाऊंनी पानापानावर सही केली. पाचला वीस मिनिटं कमी असताना पोच मिळाली.

ती पोच बाईंनी दोनदा वाचली, ओठ हलवत. मग भिंतीला टेकून पाय लांब केले आणि इतका मोठा श्वास सोडला की दिव्यानीला हसू आलं.

"आण तो चमचा," बाई म्हणाल्या. "तुह्यासाठी बटनं बराबर लावून देतो. तू पाहून पाहून टाइप करते."

एटापल्लीत मोबाईलवर उतरवून घेतलेलं कीबोर्डचं चित्र दिव्यानीने समोर धरलं. वरच्या रांगेतली पाच बटनं जागेवर बसली. सहावं बाईंच्या हातात होतं, तेवढ्यात अंगणात माणसं जमली. सगळ्यांना पोच बघायची होती. बाईंनी बटन होतं तिथेच दाबलं आणि कागद घेऊन बाहेर गेल्या.

आता जून लागला आहे. पाच बटनं बरोबर आहेत. बाकीची अजून तशीच.