खुळखुळा – वैशाली

‘अमरावतीच्या संगीताच्या इतिहासात या अल्बमने नवे पर्व सुरू केले आहे’ — असं आमच्या जॅझ अल्बमच्या पाठीवर छापलंय. वाक्य माझंच. इतिहासाला विचारलं नव्हतं. पण मला सांगायचंय ते त्या वाक्याखालच्या नावांबद्दल — आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आम्ही बँडवाले. पोट वरातींवर, पण बाबांचा जीव जॅझवर. बाबा ट्रम्पेट, काका ड्रम, मी क्लॅरनेट. धाकट्या वैशालीला खुळखुळा. वरातीत मुलगी न्यायची नाही, म्हणून अल्बममध्ये तेवढं.

जॅझमध्ये एक जागा येते — बाकीचे मागे राहतात, आणि एकट्याने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. मला — कसं सांगू? — काही सुचत नाही. लिहून द्या, वाजवतो. अकोल्याच्या स्टुडिओत माझी तीन मिनिटं तेवढी उरली होती. बाबा आणि काका संध्याकाळच्या वरातीसाठी अमरावतीला परतलेले. मी पाच वेळा अडलो.

“आण इकडे, दादा. तू तं बोटं मोजून राहिला,” वैशाली म्हणाली, आणि एकदाच वाजवलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, हेच ठेवू. मी घरी नसताना ती माझ्याच क्लॅरनेटवर शिकत होती, हे मला तेव्हा कळलं.

घरी ऐकताना बाबा रडले. “लेका, हे इतके दिवस कुठी लपवून ठेवलं होतं?” मी काय बोलायला हवं होतं? तुम्हाला ठाऊक आहे. मी मान खाली घातली. सगळ्यांनी तो विनय समजला. वैशाली माझ्याकडे पाहत होती — वाट पाहत होती, असं म्हणायला हवं.

पुढे तिनं बाबांना विचारलं, मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवू का? “घरात एवढा वाजवणारा असताना तुले कायले?” मी तिथेच बसलो होतो. वर्षभरात तिचं लग्न झालं. आणि मी? तिला एका दमात सुचलेलं मी सूर न् सूर पाठ केलं. कार्यक्रमात डोळे मिटून तेच वाजवतो. लोकांना वाटतं, आत्ताच सुचलं.

गेल्या उन्हाळ्यात, चांदूर बाजारला, तिच्या दिराच्या लग्नात मी ठरवलं — आज सांगायचं. जेवताना बाबांच्या शेजारी बसलो. आणि सांगितलंही — “बाबा, ते वैशालीनं वाजवलं होतं.” डीजे चालू होता. बाबांनी कानामागे हात धरला. “काय म्हनतं?”

वैशाली समोर वाढत होती.

“भाजी चांगली झाली,” मी म्हणालो.

झालीच होती. वांगी तिच्या वावरातली होती.