फाटकाजवळची वटवाघळं

किल्ल्यांचा हा जुना जुडगा पर्समध्ये वाजला, की भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या घरातली एक सकाळ आठवते. ताई वटवाघळांवर संशोधन करायची. सुट्टीत आली आणि तिनं फाटकाजवळच्या बदामाला रेकॉर्डर बांधून ठेवला. नोकरी सांभाळून बाबांचं सगळं करायचे मी, पण बाबा दिवसभर तिच्याच लॅपटॉपपुढे. स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या या माणसानं मला कधी पाणी विचारलं नाही, तिला मात्र चहा स्वतः नेऊन दिला. माझा नुसता जळफळाट. त्या सकाळी तिनं लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करून एंटर मारलं. प्रोग्रामनं सगळी रेकॉर्डिंगं चाळून वटवाघळांचे आवाज दाखवले, रोज संध्याकाळी, एकाच वेळेला. बाबा लहान पोरासारखे खूश. मग तिनं आवाजाचा वेग कमी करून ऐकला आणि हसत सुटली. "बाबा, वटवाघळं कुठची, ह्या तुमच्या किल्ल्या आहेत! मशीनले त्यांचा आवाज तसाच वाटते. रोज किल्ल्या वाजवत फाटकात काहून उभे रायता?" बाबा गोरेमोरे झाले. "हे लहानी भिलाई-तीनवरून येते नं ड्युटी करून. उशीर झाला का जीव लागत नाही." ताईचं हसू विरलं. "मेरे लिए तो कभी खड़े नहीं हुए," ती हळूच म्हणाली. तिचा तो चेहरा मला नवा नव्हता, आरशात रोज बघायचे. बाबा गेल्यावर तिनं आठवण म्हणून हाच जुडगा मागितला. मी दिला नाही.