दुसऱ्यांदा विचारलं तर

चोपन्नाव्या वर्षी माझी नोकरी गेली. ज्या शिकवणी वर्गात एकवीस वर्षं कारकुनी केली, तो मालकाने बंद केला. बोरगाव मेघेतल्या शेजारणींनी लगेच निकाल दिला, की आता आराम करा, भजनाला या. भजनाला माझा विरोध नाही, पण गळा बेसूर आहे आणि आराम मला दुपारच्या चहापर्यंतच सोसतो. मला काम हवं होतं, तेही कोणाच्या शिफारशीशिवाय.

कारकुनी मिळेना. सगळ्यांना पंचविशीतल्या मुली हव्या होत्या. मग म्हटलं, जगावेगळं काही असेल तर तेही बघू. लग्नाच्या लॉनवर बायकांच्या पर्स सांभाळायचं काम होतं, पण आठ तास उभं राहायला गुडघे तयार होईनात. एका आजोबांना पेपर वाचून दाखवायचं काम दोन दिवस केलं. प्रत्येक बातमीवर मी माझं मत देते म्हणून त्यांनी मला काढलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

तेवढ्यात कळलं, की एका वैद्यकीय कॉलेजात खोटे पेशंट हवे आहेत. शिकणाऱ्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायचा सराव व्हावा म्हणून. नवरा म्हणाला, खोटं आजारी पडायचं तर घरीच पड, चहा मी करतो. मी चाचणीला गेले.

तिथल्या सरांनी कागद दिला. चार दिवसांपासून छातीत दुखतं, डाव्या हातात कळ येते. विचारलं की हे सांगायचं. पाठांतर मला सोपं. पहिला विद्यार्थी आला, काय होतं म्हणून त्याने विचारलं, आणि मी म्हणाले, काही नाई, थकल्यासारखं वाटते. त्याने मान डोलावली, टॉनिक लिहिलं आणि गेला.

सर वैतागले. कागदावर असं कुठे आहे, म्हणाले. काम हातचं जात होतं, पण मी माघार घेतली नाही.

"सर, आमच्याकडची बाई पहिल्या खेपेला 'काही नाई'च म्हणते. दुसऱ्यांदा विचारलं तर सांगते. या पोराईले तेवढं शिकवा, मग मले काढा."

 सरांनी पुढच्या मुलीला आत बोलावलं. तिलाही मी तेच सांगितलं. ती लिहायला लागली, थांबली, पेन खाली ठेवून तिने स्टूल जवळ ओढलं.

"काकू, खरं सांगा न. काय होऊन राह्यलं?"

वडनेरला शेतात कापूस वेचताना माझ्या मोठ्या जावेने असाच छातीवर हात दाबला होता. काय होते, मी विचारलं. काही नाई, ती म्हणाली, आणि मी पुढच्या ओळीला लागले. संध्याकाळपर्यंत ती गेली होती. त्या स्टुलासमोर मला रडू आलं, अगदी खरं.

"छातीत दुखते, बाई," मी म्हणाले. "चार दिवस झाले."

सर म्हणाले, सोमवारपासून या. आता प्रत्येक नव्या तुकडीला मी आजारी पडायच्या आधी जावेचं सांगते. विचारणारी मीच होते, आणि मी एकदाच विचारलं.