कमळमावशीच्या सायकलचं पुढचं चाक

जयवंत परब कुणाची माफी मागणारा माणूस नव्हे. अंधेरीत यारी रोडला त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. ब्रेक लागत नाही म्हणून तक्रार घेऊन जावं आणि तुम्हालाच चालवता येत नाही, हे ऐकून परत यावं. मी वीस वर्षं त्याच्याशी भांडते आहे, आणि स्कूटर मात्र त्याच्याकडेच नेते.

वेसाव्याची कमळमावशी आमच्या सोसायट्यांत डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची. तिच्या मानेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायला साफ बंदी केली. नवरा नाही, मुलगी सासरी. फिरणं थांबलं तर गिऱ्हाईक तुटणार होतं, कारण आम्ही निर्लज्जपणे मोबाइलवरून सुरमई मागवायला लागलोच होतो. सायकल तिला लहानपणापासून येत होती, काष्ट्याच्या लुगड्यामुळे टांग टाकायलाही अडत नव्हतं. ती जयवंतकडे गेली.

"टोपली मागे बांधूया," तो म्हणाला.

"नाय रं. म्हावरं मना डोल्यासमोर पायजे. मागं ठेवलं तं मांजरं खातील."

मग त्याने सायकल बनवली. पुढचं चाक मुद्दाम मोठं, मागचं लहान. खडकाळ रस्त्यांवरच्या मोटरसायकलींचं पुढचं चाक असंच मोठं असतं, ते खड्ड्यात न अडकता वरून निघून जातं, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. पण त्या मोठ्या चाकावर बसवलेली टोपली जवळजवळ मावशीच्या छातीपर्यंत आली. चौथ्या दिवशी आमच्या फाटकाशी वळताना बर्फासकट सगळं ओझं एका बाजूला कललं, हँडल फिरलं आणि मावशी आडवी झाली. डावं मनगट मोडलं. बांगडे गटारापर्यंत पसरले. ते गोळा करताना मला रडू आवरेना.

जयवंत हॉस्पिटलात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"चुकलंय गो मी," तो म्हणाला. "माका रस्तो दिसलो, तुजो भार नाय दिसलो."

त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं मी ठरवून गेले होते. ते तसंच राहिलं.

प्लास्टर निघेपर्यंत त्याने दुसरी सायकल केली. मागचं चाक पूर्ण मोठं, पुढचं मुलांच्या सायकलीला असतं तेवढंच. चाक लहान झालं तशी त्याच्यावर जागा झाली आणि टोपली पार गुडघ्याशी आली. ती त्याने हँडलला न जोडता सांगाड्यालाच जोडली, म्हणजे वळताना ओझं हँडल ओढणार नाही. लहान चाक खड्ड्यात जास्त दणके खातं हेही त्याने आधीच सांगितलं. तिथे मावशीने उतरून ढकलायचं.

मावशी सायकलवर बसली नाही. टोपलीत बर्फ आणि मासळी काठोकाठ भरली आणि म्हणाली, "पयले तू चालव. त्याच फाटकाशी."

गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. जयवंतचा चेहरा उतरला होता, तरी तो बसला. फाटकाशी वळला, पाय टेकले नाहीत. मग उलट्या बाजूने पुन्हा वळला. माझा जीव भांड्यात पडला.

मावशीने हँडल धरलं. डाव्या हाताची बोटं ब्रेकभोवती मिटेनात. तिने दोनदा प्रयत्न केला. जयवंत त्या बोटांकडे बघत राहिला.

"त्यो हात आता असाच ऱ्हाणार," ती म्हणाली. "दोनी ब्रेक उजवीकडं लाव. नि लवकर लाव, बरफ पानी व्हतंय."