अक्का गिझर बघायला जातात

सुमनअक्कांना मी कधी मांडी घालून जेवताना पाहिलं नाही. ओट्याला टेकून, ताट हातात धरून त्या उभ्यानेच जेवायच्या आणि कान आतल्या खोलीकडे असायचा. आतून "ओ" असा आवाज आला की उचललेला घास पुन्हा ताटात जायचा. "जेवण काय, कधीबी होईल," म्हणायच्या. ते "कधीबी" मात्र फारसं उजाडायचं नाही.

कॉलेजातल्या नोकरीसाठी धुळ्याला आल्यावर देवपूरला त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा आबांना अर्धांगवायू होऊन बरीच वर्षं झाली होती. आबा म्हणजे अक्कांचे यजमान. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर हौसेने हे घर बांधलं आणि वास्तुशांतीचं तोरण वाळलंही नसेल तोच त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण हुकूम काही हलका झाला नाही. दिवा कधी लावायचा, भाजी कुणाकडून घ्यायची, सगळं खाटेवरून ठरायचं. अक्का बाहेर जायच्या त्या फक्त दारावर आलेल्या भाजीच्या गाडीपर्यंत. एकुलता एक मुलगा पुण्याला. माणूस ठेवा म्हणून तो सांगायचा, पण परक्याचा हात अंगाला लागलेला आबांना खपत नसे.

आबांची आंघोळ म्हणजे सकाळचा मोठा सोहळा असे. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवून अक्का मोरीत न्यायच्या. गार वारा लागतो म्हणून दार बंद, खिडकीला पुठ्ठा. आणि आत भिंतीवर जुना गॅसचा गिझर फरफरत असायचा.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मोरीत बादली कलंडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आबांचं ओरडणं. मी धावत जाऊन दार ढकललं. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, आणि आबा खुर्चीत साबणाने माखलेले. गिझर बंद केला, दोघांना कसंबसं बाहेर ओढलं. वाऱ्यावर आल्यावर अक्का सावरल्या. पहिलं वाक्य काय, तर "त्यांचा साबण राहिला अंगाला."

डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस जळला की विषारी हवा साठते, थोडक्यात निभावलं. दुपारी मिस्त्री आला, त्याने गिझर उतरवूनच ठेवला. "हा आता भंगारात. नवा घ्या, पण आत लावायचा नाही. बाहेर बोळीत लावू, भिंतीला भोक पाडून पाइप आत घेऊ."

"मन्ही भिंतले भोक नही," आबा खाटेवरून अहिराणीत म्हणाले. विजेचा घ्यावा, तर ज्या माणसाने आयुष्यभर वीज तयार केली त्याला पाण्याजवळ वीज नको होती. सोलर बसवावा, तर वर नुसते पत्रे. तिन्ही वाटा त्यांनी पडल्या पडल्या बंद केल्या.

अक्का त्यांच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "भिंत तुमची शे. पण चक्कर माले आली होती. गॅसचाच घेऊ, बाहेर लावू."

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या घरात याला होकार म्हणत.

मुलगा फोनवर म्हणाला, मी इथूनच मागवतो, उद्या दारात येईल. अक्का म्हणाल्या, "फोटो पाहून नवरा केला. गिझर तरी डोळ्यांनी पाहून घेऊ दे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी आबांजवळ बसले आणि अक्का चांगली साडी नेसून पुलापलीकडच्या दुकानात गेल्या. परत आल्या त्या गालांवर लाली घेऊन. एकाला पुढे काच आहे, एकाची ज्योत आपोआप पेटते, एक दिसायला देवघरासारखा. "पण घाई नको. उद्या परत पाहून येते." मग उद्या झाला, परवा झाला. कधी दुकानदार जेवायला गेलेला असे, कधी नवा माल यायचा असे. तोवर रोज सकाळी शेगडीवर पातेली तापवायची आणि दोघींनी फडक्याने धरून मोरीत न्यायची. माझी बोटं दोनदा भाजली.

शेवटी मी दुकानात फोन केला. दुकानदार हसला. "ताई, त्यांनी पहिल्याच दिवशी पसंत केला. बाजूला काढून ठेवलाय. येतात, एकदा बघतात, आणि नदीकाठच्या बोरींकडे चालत जातात."

मी फोन ठेवला तेव्हा अक्का बाहेरच होत्या. आबांना सांगावं की नको, या विचारात मी नुसतीच पुटपुटले, "अजून ठरत नाही वाटतं अक्कांचं."

आबांनी डावा हात उचलून मला जवळ बोलावलं. जड जिभेने काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. मग त्यांनी शाळेत धडा वाचावा तसा एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"एकदा घेतला... की मग... कुठे जाईल ती?"

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. ते पुन्हा म्हणाले, "तिना हातले बोरंना वास येस. येऊ दे. तू बोलू नको."

संध्याकाळी अक्का आल्या तेव्हा आबा नेहमीसारखे ओरडले, "एक गिझर घेवाले इतला दिवस?" अक्का पदराने हात पुसत म्हणाल्या, "तुम्हीच म्हणतात ना, वस्तू पारखून घ्यावी." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी आपल्या खोलीत निघून आले.

पुढे थंडी वाढली. एके दिवशी आबांची छाती भरली, खोकला थांबेना. त्याच दिवशी अक्का रिक्षातून गिझर मांडीवर घेऊन आल्या. मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी कढत पाण्याने आंघोळ झाली. अक्कांनी चांगली साडी धुऊन, घडी करून कपाटात ठेवली.

दोन-तीन दिवस अक्का घराबाहेर पडल्या नाहीत. मग एका दुपारी आबा म्हणाले, "मोरीना नळ गळस. नवा पाहीसन ये. नीट पाही ये."

नळ गळत नव्हता. अक्कांनी जाऊन पाहिला, घट्ट पिळला, आणि कपाट उघडलं.

नळानंतर पडदा झाला, पडद्यानंतर उंबऱ्याजवळची पायपुसणी. उन्हाळ्यात माझी बदली जळगावला झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले. मी भेटायला गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, "शेवटी शेवटी दाराची कडी पाहून ये म्हणत होते. मी गेलेच नाही. त्यांचा हात सोडवत नव्हता."

दिवाळीनंतर मी त्यांना आग्रहाने जळगावला घेऊन आले. म्हटलं, आता मनसोक्त फिरा, बाजार बघा, मंदिरात जा. सकाळी चप्पल घालून त्या निघायच्या आणि माझा चहा संपायच्या आत धापा टाकत परत यायच्या. दाराशी क्षणभर थांबायच्या, आतला कानोसा घ्यायच्या. आतून कुणाची हाक यायची नाही. मग खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवायच्या.

चार दिवसांतच त्यांनी पिशवी भरली. मी बसस्थानकावर सोडायला गेले. राहवेना म्हणून विचारलं, "अक्का, तिथे आता कोण आहे? रिकाम्या घरात करणार काय?"

बस लागली होती. पिशवी माझ्या हातातून घेत त्या म्हणाल्या, "कोणी नही गं. पण तिथून बाहेर पडता येस. इथे मी बाहेरच शे. मंग बाहेर पडू कुठून?"