नझीरभाईंची नाणी

"मॅडम, हे जमा करून घ्या," असं म्हणत जयंतीशेठनी पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी काउंटरवर ठेवली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. शेठ हसले नाहीत. त्यांचं बाजारात मेडिकलचं दुकान आहे. दीड महिना ते गिऱ्हाइकांना सुट्ट्यांच्या ऐवजी गोळ्या देत होते.

"एक म्हातारी रोज ब्लडप्रेशरची एकच गोळी घेऊन जाते. तिला तीन रुपये परत द्यायचे असतात. तिला डायबेटिस आहे, मॅडम. पेपरमिंट घेऊन ती काय करणार?"

मी मुरुडच्या एका बँकेच्या शाखेत हेड कॅशियर होते. ही गोष्ट लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षाची, गणपती होऊन गेल्यानंतरची. दुकानं उघडली होती, पण गावात एक, दोन आणि पाचची नाणी मिळत नव्हती. वाणी, चक्कीवाला, मटणवाला, सगळे बँकेत येऊन विचारत. आमच्याकडेही नव्हती.

करन्सी चेस्ट म्हणजे नोटा आणि नाणी साठवायची मोठी तिजोरी. आजूबाजूच्या शाखा तिथून रोकड उचलतात. आमची चेस्ट अलिबागला. मी दर आठवड्याला नाण्यांची मागणी पाठवायचे आणि गाडीतून फक्त नोटा यायच्या.

लोकांना वाटायचं, सरकारनं नाणी पाडायची बंद केली. तसं नव्हतं. नाणी होती तेवढीच होती, फक्त हलत नव्हती. नोट बँकेतून निघते आणि फिरून बँकेत येते. नाण्यांना परत यायला ठरावीक वाटा लागतात. मुरुडमध्ये त्या चार होत्या. एसटीचे कंडक्टर, देवळांच्या आणि दर्ग्याच्या पेट्या, किनाऱ्यावरच्या टपऱ्या आणि किनाऱ्यावरचं सार्वजनिक न्हाणीघर. चारही बंद पडल्या. जी नाणी लोकांच्या घरात होती, ती त्यांनी साबणानं धुऊन खिडकीत वाळत घातली आणि तिथेच विसरले. दुकानदाराच्या गल्ल्यातून सुट्टे बाहेर जात, परत येत नसत.

वर्तकसाहेब आमचे मॅनेजर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कांबळे मॅडम, ते न्हाणीघरवाले दर सोमवारी पिशवी घेऊन यायचे ना? काय नाव त्यांचं?"

"नझीरभाई."

"त्यांच्याकडे शिल्लक असणार. लावा फोन."

मी बरं म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. फोन लावला नाही.

नझीरभाईंकडे किनाऱ्यावरच्या शौचालयाचा आणि न्हाणीघराचा ठेका होता. समुद्रात डुंबून आलेल्या पर्यटकांना गोड्या पाण्याची आंघोळ वीस रुपये, शौचालय पाच रुपये. ते बाहेर टेबल टाकून बसत, आतली साफसफाई ते आणि त्यांची बायको रझियाबी मिळून करत. बारा वर्षं ते सोमवारी माझ्या खिडकीवर आले. नाणी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणत. माझ्या मोजणीत आणि त्यांच्या मोजणीत कधी फरक पडला नाही. आमचा एक क्लार्क त्यांच्या पाठीमागे "संडास डिपॉझिट आलं" असं म्हणायचा. मी त्याला कधी हटकलं नाही.

त्या मार्चमध्ये होळीच्या सुट्टीची गर्दी होऊन गेली आणि रोगाच्या बातम्या वाढल्या. सोमवारी नझीरभाई दोन पिशव्या घेऊन आले. माझ्या घरी सासूबाई अंथरुणावर होत्या. मी पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "नझीरभाई, सध्या नाणी घेत नाही. वरून ऑर्डर आहे."

"धुऊन आणलीत मॅडम. डेटॉलच्या पाण्यात."

"ऑर्डर आहे हो. मी काय करणार?"

अशी कुठलीही ऑर्डर नव्हती. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी एका देवळाच्या पेटीची नाणी हातमोजे घालून मोजली होती.

माझ्या आईच्या हातावर गावातला दुकानदार सुट्टे पैसे वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. हे मी घरात ऐकत लहानाची मोठी झाले. त्या सोमवारी मला ते आठवलं नाही. नंतर मात्र रोज आठवलं.

शेवटी दुपारी फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्क लावून मी त्यांच्या घरी गेले. किनाऱ्यामागच्या नारळाच्या वाडीत दोन खोल्यांचं घर. छपरावर नवे कोरे निळे पत्रे होते. रझियाबी दारात आल्या. मला ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"नझीरभाई आहेत का?"

"त्यांना जाऊन दीड महिना झाला, मॅडम. तुम्हाला न्हाय कळलं?"

मला खरंच कळलं नव्हतं. त्या दिवसांत माणसं जायची आणि पेठेपलीकडे बातमी पोचायची नाही. मी पायरीवर बसले. त्यांनी पाणी आणलं आणि थोडं लांब ठेवलं. मग बोलल्या. रडल्या नाहीत. हे त्यांनी आधी बऱ्याच जणांना सांगितलं असावं.

जूनच्या वादळात छप्पर उडालं. खात्यातले पैसे पत्र्यांत गेले. न्हाणीघर बंदच होतं. बकरी ईदनंतर नझीरभाईंना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दम लागला. सरकारी अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. एक खाजगी गाडीवाला अलिबागला न्यायला तयार झाला. चार हजार मागितले, रोख आणि आधी.

"घरात नाणीच होती. साडेनऊ हजारांची. मी दोन्ही पिशव्या त्याच्यासमोर ठेवल्या. तो म्हणाला, चिल्लर कोण मोजत बसणार? आणि तुमच्या घरातल्या पैशाला मी हात लावणार न्हाय. नोटा आणा."

"मग?"

"मग मी दारोदार फिरले. कुणी पाचशे, कुणी दोनशे. लोक दार उघडत नव्हते, खिडकीतून द्यायचे. सगळे जमवायला अडीच तास गेले. तवर ते इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसून होते. आत गुदमरायला व्हतं म्हणाले."

मी उठून उभी राहिले.

"अलिबागला चार दिवस होते," रझियाबी म्हणाल्या. "ऑक्सिजनवर. मग फोन आला."

अडीच तास आधी पोचले असते तर वाचले असते का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मी म्हटलं, "रझियाबी, मार्चमध्ये ती नाणी मी परत पाठवली होती. ऑर्डर नव्हती. मी खोटं बोलले."

त्या उंबऱ्यावर बसल्या.

"मला तवाच कळलं होतं. मी त्यांना म्हटलं, देवळाच्या पेटीची घेतली, मग आपली का न्हाय? ते म्हणाले, मॅडमच्या घरी कुणी आजारी असंल. बाराच्या बारा वर्षं घेतली ना त्यांनी, म्हणाले. तुमच्याबद्दल वाईट बोलू दिलं न्हाय मला."

मला वाटलं, त्या चिडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज कशाला आलात?" त्यांनी विचारलं.

खरं सांगावं लागलं. गावात सुट्टे नाहीत आणि साहेबांनी तुमच्याकडे पाठवलंय, असं मी सांगितलं. त्या वेळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही.

"आधी वाण्यानं पण घेतली न्हाईत," त्या म्हणाल्या. "आता तोच घरी माणूस पाठवतो. शंभराच्या नाण्यांना एकशेपाच देतो म्हणतो. मी न्हाय दिली. तुमच्या बँकेतच भरणार. पण घरातून न्यायची न्हाईत. मी घेऊन येईन. खिडकीवर मोजा, सगळ्यांसमोर. त्यांची मोजायचात तशी."

त्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रिक्षानं आल्या. दोन्ही पिशव्या त्यांनी स्वतः उचलून आणल्या, शिपायाला हात लावू दिला नाही. शाखेबाहेर अंतर ठेवून रांग होती, आत पाच माणसं. मी नाणी काउंटरवर ओतली. हातमोजे घातले नाहीत. त्यात शहाणपणा नव्हता, पण मला घालवेनात. पाचाच्या वीस नाण्यांची एक चळत, म्हणजे शंभर रुपये. अशा चळती लावत गेले. रांगेतून एकजण म्हणाला, "मॅडम, किती वेळ?" मी म्हटलं, "होईल तेवढा." तो 'संडास डिपॉझिट' म्हणणारा क्लार्क उठून आला आणि दोनची नाणी वेगळी करू लागला. दीड तास लागला.

आतल्या पुडीवर नझीरभाईंच्या हातची चिठ्ठी होती, साडेनऊ हजार. माझी बेरीज तेवढीच आली.

स्लिपवर सही करताना रझियाबींनी विचारलं, "बरोबर हायत ना?"

"बरोबर आहेत."

"त्यांची चूक व्हायची न्हाय," त्या म्हणाल्या, पासबुक पिशवीत टाकलं आणि निघून गेल्या. मी क्षमा मागितली का? मागितली, तिथेच, हळू आवाजात. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही.

ती नाणी आम्ही त्याच दुपारी दुकानदारांना वाटली. प्रत्येकाला पाचशेची. जयंतीशेठनी बरणी परत नेली. वर्तकसाहेबांनी माझं कौतुक केलं. मी त्यांना सगळं सांगितलं, मार्चमधल्या ऑर्डरसकट. ते म्हणाले, "लेखी तक्रार आलेली नाही ना?" मी म्हटलं, नाही. विषय तिथे संपला. आठच दिवसांत गावात पुन्हा सुट्ट्यांची ओरड सुरू झाली, कारण वाटलेली नाणी लोकांच्या घरात जाऊन बसली. एसटी नीट धावू लागली, देवळं आणि दर्गा उघडले, पर्यटक आले, तेव्हा कुठे ती फिरू लागली.

न्हाणीघराचा ठेका दुसऱ्याला गेला. रझियाबी श्रीवर्धनला मुलीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी खातं बंद करायला आल्या होत्या. त्या दिवशी मी रजेवर होते.

आता मी रिटायर झालेय. शेवटच्या वर्षांत शाखेत नवा कॅशियर आला की मी त्याला दोन गोष्टी शिकवायचे. नोट उजेडात धरून कशी पाहायची, ही एक. दुसरी म्हणजे, कुणाचे पैसे नाकारायचे असतील तर त्याच्या तोंडावर "मी घेत नाही" असं म्हणायचं. वरून ऑर्डर आहे असं म्हणायचं नाही. "मी घेत नाही" असं तोंडावर म्हणायची हिंमत कॅशियरला होत नाही, आणि तो निमूटपणे पैसे मोजायला घेतो.